झाकलेला वेल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वालपापडीवरून भांडण. रात्री दव गोठणार असं टीव्हीवाल्यानं सांगितलं, म्हणून मी बायकोचं जुनं लुगडं घेऊन वेल झाकायला परसात निघालो. ही मागनं आली.

"झाकू नका. ज्यांना उशीर झाला त्यांना मरू द्या."

एरवी मुंगी मारायची नाही. पण वालाच्या बाबतीत तिचा जीव दगडाचा. वयाची ऐंशी ओलांडल्यावर आम्ही अमेरिकेत, नेपरव्हिलला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा हिनं गावचं बी लुगड्याच्या गाठीला बांधून आणलं होतं. पहिल्या वर्षी वेल माजले, कुंपणावरून शेजारच्या गोऱ्याकडं डोकावले, पण बहुतेकांवर फुलाचं नाव नाही. गावाकडं वाल थंडीत फुलतो, इथं थंडीत मरतो. दोनच वेलांना वेळेत शेंगा धरल्या. हिनं त्यांना लाल चिंध्या बांधल्या, बियाण्यासाठी. मी भाजी मागितली तर म्हणाली, दुधी खा. पुढं दरवर्षी तेच. पहिल्या शेंगा चिंधीच्या, उरलंसुरलं माझं. पण वाल खरंच लवकर फुलायला लागला. गावाहून ताजं बी मागवून शेजारी पेरलं, तर आमचे वेल शेंगांनी लगडलेले आणि गावचे नुसती पानं हलवत उभे.

सून कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ती म्हणाली, निसर्ग हेच करतो, फक्त त्याच्याकडं चिंधी नसते. जे तगतात त्यांचंच बी पुढं जातं, पिढ्यान्‌पिढ्या सगळा घोळकाच बदलतो. दोन घोळके फार काळ एकमेकांपासून तुटले, की एक दिवस त्यांचं आपसात बी धरत नाही. झाली नवी जात. मी चौथी पास. मी विचारलं, आपला नातू भाकरीला हात लावत नाही, तो या वाटेवर कुठवर पोचला? सुनेच्या आधी हीच बोलली, "तो बरोबर चाललाय. तुम्हीच गावाकडं राहिलात."

तर त्या संध्याकाळी ती म्हणाली, उशिराचे वाचवले तर त्यांची पोरंही उशिराच येणार. मी म्हटलं, आणि माझी भाजी? मग कुरकुरत तिनंच लुगड्याचं दुसरं टोक धरलं. कोवळ्या शेंगांचा एकच वेल झाकला.

"खायला घ्या. पण याचं बी ठेवायचं नाही."

त्याच रात्री ती झोपेत गेली.

सकाळी घर माणसांनी भरलं. चूल पेटवायची नव्हती, म्हणून पलीकडच्या काकू खिचडी घेऊन आल्या. मी परसात गेलो. सगळे वेल काळे पडले होते, चिंधीच्या शेंगा तेवढ्या वाळून खुळखुळत होत्या. लुगड्याखालचा वेल हिरवागार. तिच्या हातानं झाकलेला. वाटलं, याच्या दोन शेंगा पिकू द्याव्यात. कोण विचारणार आहे आता? याला बांधायला एका काळ्या वेलाची चिंधी सोडून हातात घेतलीसुद्धा.

मग झाकलेल्या वेलाच्या सगळ्या शेंगा तोडल्या आणि काकूंना भाजीला दिल्या. चिंधीच्या खिशात घातल्या. लुगडं घडी करून आत नेलं. वेल उघडाच ठेवला.