उंबरठा नसलेलं घर

त्या हिवाळ्यात आमच्या तलासरीकडच्या गावांत जमीन पुन्हा पुन्हा हादरत होती. माणसं घरं सोडून ताडपत्रीखाली राहू लागली. आमच्या घराची मागची भिंत उभी चिरली होती. यजमानांना अर्धांगवायू झालेला. बाहेर थंडीत निजवलं की त्यांची छाती कफानं भरायची आणि आत न्यावं तर भिंतीची भीती. त्यांची वाचा गेली होती. धक्का बसला की चालत्या हातानं माझा पदर घट्ट धरायचे. आयुष्यभर देवीचं केलं, त्याचं हेच का फळ, असं कडू काहीतरी माझ्या मनात साचत चाललं होतं.

अशाच एका मंगळवारी शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून मी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला गेले. ओटी भरली, पण मागणं तोंडातून निघेना. बाहेर पायरीवर बसले आणि रडू कोसळलं. शेजारी पांढऱ्या साडीतली एक गुजराती म्हातारी होती. तिनं विचारलं, "बेन, घरी कोण आजारी आहे?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे घेऊन ये त्याला. जागा मोटी छे, माणूस कोणी नाय."

तिची जागा म्हणजे डहाणूबाहेर चिकूच्या वाडीतला बंद पडलेला वृद्धाश्रम. एका इराणी शेठनं तो आपल्या आईच्या आठवणीसाठी, निराधार म्हाताऱ्यांकरता बांधला होता. बैठी इमारत, सागाचे खांब, वर कौलं, पुढे लांब पडवी. दारं खाट सरळ आत जाईल एवढी रुंद, आणि एकाही दाराला उंबरठा नाही. भिंतीच्या कडेनं लाकडी कठडा होता, किती थरथरत्या हातांनी धरून गुळगुळीत झालेला. शेठ गेल्यावर नवी माणसं घेणं थांबलं. होती ती एकेक करून गेली. शेवटी ही म्हातारी, सगळे तिला बा म्हणत, तेवढी उरली आणि विश्वस्तांनी तिला राहू दिलं. ओळीनं लोखंडी खाटा, त्यांवर गुंडाळलेल्या गाद्या. मी दारातच थबकले.

"ही तर मरणाची वाट बघायची जागा," मी म्हणाले.

"हां," बा म्हणाली, "पण एकट्यानं नाय."

विश्वस्तांची परवानगी तिनंच मिळवली. टेम्पोतून यजमानांना आणलं. खाट कुठेही न अडकता आत गेली. धक्के तिथंही जाणवायचे, कौलं खडखडायची, पण भिंतीला चीर गेली नाही. बा त्यांच्या उशाशी बसून हलक्या आवाजात भजन म्हणायची आणि त्यांची मूठ हळूहळू सैल व्हायची. उन्हाळा लागायच्या आत, एका दुपारी पडवीतच ते गेले. एक हात माझ्या हातात होता, दुसरा, लुळा पडलेला, बाच्या.

त्यांना बरं कर, एवढंच मला देवीपाशी मागायचं होतं. ते झालं नाही, आणि ते दुःख गेलेलं नाही. पण त्यांच्या शेवटच्या दिवसांत भीती नव्हती. हे मागायचं मला सुचलंही नसतं.

मी तिथंच राहिले. बा आता खाटेला खिळली आहे. मी तिला पेज भरवते. तिच्यामागं माझं कोण, हा विचार येतो, आणि आला तसा जातो. सकाळी खिडक्या उघडाव्यात, बाला पाठीशी उशी देऊन बसवावं, इतकंच देवीआईनं माझ्याकडे मागितलंय असं मी धरून चालते. बाकीचं तिचं ती बघते.