महानंदाचे शिपाई

महानंदा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मलाच धीर देत होती. अंगात सणसणून ताप, वरचं बीपी ऐंशीच्या खाली, उजवा पाय पोटरीपर्यंत लालभडक आणि सुजून गच्च झालेला. बोटांच्या बेचक्यातून पू येत होता. मी सलाईनसाठी शीर शोधत होतो आणि ती म्हणत होती, "काय न्हाय व्हायचं डॉक्टरसाहेब. माझे शिपाई लई जोरात हायत."

सिस्टरला वाटलं, बाई तापात बरळतेय. मला मात्र हे शिपाई कुठून आले ते पक्कं माहीत होतं. ते मीच तिला दिले होते.

मी तुळजापुरात फिजिशियन आहे. वडील शाळामास्तर, त्यामुळं समजावून सांगायची हौस रक्तातच. एकेका आजारासाठी माझी एकेक गोष्ट ठरलेली आहे. शुगरची वेगळी, दम्याची वेगळी. पेशंट बाहेर जाऊन सांगतात, हे डॉक्टर कसं डोक्यात बसेल असं सांगतात. ते कानावर आलं की दिवसभर माझी स्वारी खुशीत असते.

महानंदा जळकोटची. वय तिशीच्या आत-बाहेर. नवरा बालाजी शेती बघतो आणि ही घरी शिवणकाम करते. पायाच्या मशीनवर ब्लाउज शिवण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही. गेल्या वर्षी सांधेदुखी, उन्हात गेलं की गालांवर उठणारं लाल पुरळ आणि पायांवर सूज घेऊन ती माझ्याकडं आली. लघवीतून प्रोटीन जात होतं. मी तिला सोलापूरला आमच्या सरांकडं पाठवलं. सर म्हणजे संधिवाताचे तज्ज्ञ, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांनी ल्युपसचं निदान केलं, गोळ्या ठरवल्या आणि पुढची तपासणी माझ्याकडं सोपवली. जाता जाता म्हणाले, "आजार नीट समजावून सांग तिला." मला एवढंच पाहिजे होतं.

मी सांगितलं ते असं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या म्हणजे शरीराचे शिपाई. जंतू आले की मारतात. तुमचे शिपाई इतरांपेक्षा जास्त जोरात आहेत. इतके, की जंतू सापडले नाहीत तर घरच्यांनाच बडवतात. कधी सांधे, कधी कातडी, कधी किडनी. या गोळ्या त्यांना आवरतात, म्हणून त्या चुकवायच्या नाहीत. उन्हात जायचं नाही.

बालाजी हसला, महानंदाही हसली. म्हणाली, आता कळलं. ती उठून गेल्यावर मीही स्वतःवर खूश झालो.

सलाईन चालू झालं, अँटिबायोटिक गेलं, मग मी तिला पायाचं विचारलं. नवरात्रात तिनं चप्पल सोडली होती. आमच्याकडं घरोघरी कुणी ना कुणी नऊ दिवस अनवाणी राहतं, त्यात काही विशेष नाही. रानात येड्या बाभळीचा काटा मोडला. तिनं मशीनच्या सुईनं काढला, हळद लावली. दुसऱ्या दिवशी पाय ठणकायला लागला, मग थंडी वाजून ताप आला. सासू दवाखान्यात चल म्हणत होती. हीच नको म्हणाली.

"का?" मी विचारलं.

"तुमीच म्हणला होता न्हवं, माझे शिपाई दुसऱ्यापरीस जोरात हायत म्हणून. मग काट्याच्या जंतूचं काय घिऊन बसायचं? म्या म्हणलं, ताप आलाय म्हंजी शिपाई कामाला लागलेत. गोळी एक बी चुकवली न्हाय. उन्हात बी गेले न्हाय, रानात जायचं ते सकाळच्या पारी, पदर घिऊन."

तिनं माझा शब्द न् शब्द पाळला होता. मी जे बोललो नव्हतो, ते तिनं माझ्याच बोलण्यावरून काढलं होतं, आणि तिच्या हिशेबात खोट नव्हती. खोट माझ्या गोष्टीत होती.

खरा प्रकार असा असतो. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि साफसफाई करणाऱ्या पेशी त्या गिळून टाकतात. ल्युपसमध्ये ही साफसफाई मागं पडते. मेलेल्या पेशींच्या आतला, गाभ्यातला माल उघड्यावर पडून राहतो. एरवी तो बाहेर कधी दिसत नाही, त्यामुळं दुसऱ्या पेशी त्यालाच परका समजतात आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे शत्रूला चिकटणारी प्रथिनं, बनवतात. या दोन्हींची गुठळी होऊन ती किडनीत, कातडीत जाऊन अडकते आणि तिथं आग होते. म्हणजे या पेशी जास्त ताकदीच्या नसतात, त्या चुकलेल्या असतात. भलत्याच कामात गुंतल्यामुळं खऱ्या जंतूशी त्यांना धड लढता येत नाही. बऱ्याच जणांत त्यांची संख्याही कमी होते. वरून आमच्या गोळ्या त्यांना आणखी दाबतात. अशा माणसाला साधा ताप आला तरी त्यानं त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण गोष्टीत ते बसत नव्हतं, गोष्टीची मजा जात होती, म्हणून मी ते गाळलं. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात.

रिपोर्ट आला. एवढ्या इन्फेक्शनमध्ये पांढऱ्या पेशी वाढायला पाहिजेत. नेहमीच्या माणसाला चार ते अकरा हजार असतात. महानंदाच्या दोन हजारांच्या आसपास होत्या. मी सरांना फोन लावला.

"तिच्या गोळ्यांतलं स्टिरॉइड एकदम बंद करू नकोस, बीपी आणखी पडेल. इंजेक्शनमधून दे," सर म्हणाले. "पेशी दाबणारी दुसरी गोळी थांबव. सर्जनला तयार ठेवतो, लगेच पाठव." मग विचारलं, "ताप आल्याबरोबर यायचं हे तिला माहीत नव्हतं?"

"नाही सर."

"तू काय सांगितलं होतंस?"

मी शिपायांची गोष्ट सांगितली. फोनवर ती फारच बालिश वाटली. सर म्हणाले, "पाय वाचतो का बघू," आणि फोन ठेवला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

अँब्युलन्स यायची होती. बाहेर बाकावर बालाजी आणि त्याची आई बसले होते. मी सांगितलं, इन्फेक्शन रक्तात गेलंय, जिवाला धोका आहे, पाय जाऊ शकतो. म्हातारी डोळ्याला पदर लावून बसली. बालाजी मात्र संतापला, आणि संतापला तो बायकोवर. "हिला अक्कल न्हाय साहेब. तुमी एवढं समजावून सांगितलं, तरी घरात बसून ऱ्हायली. मशीन बंद पडलं की कळंल आता."

मी मान हलवली.

नुसती हलवली, तोंडातून शब्द काढला नाही. पण मानेनं हो म्हटलं ते म्हटलंच. आत मृत्यूशी झुंजणाऱ्या बाईवर मी माझी चूक ढकलली आणि रेफरल चिठ्ठी लिहायला वळलो. चुकीची गोष्ट सांगितली तो माझा फाजीलपणा होता. हे मान हलवणं मात्र निव्वळ भित्रेपणा होता, आणि त्याची मला जास्त लाज वाटते.

अँब्युलन्समध्ये मी बरोबर गेलो. रस्ता पायी येणाऱ्या भाविकांनी भरलेला होता, गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. महानंदा ग्लानीतून मधेच शुद्धीवर आली आणि म्हणाली, "माझंच चुकलं ना, डॉक्टरसाहेब?" मी म्हणालो, बोलू नकोस, आराम कर. म्हणजे दुसऱ्यांदा संधी आली होती आणि तीही मी घालवली.

पाय वाचला. शेवटची दोन बोटं आणि कडेचं बरंच मांस काढावं लागलं. महिनाभर ती सोलापुरात होती. किडनी टिकली. घरी आल्यावर पहिल्या तपासणीला ती माझ्याकडं आली, काठी टेकत, बरोबर बालाजी आणि सासू. बालाजीनं खुर्ची ओढून दिली आणि पुन्हा तेच सुरू केलं, हिनं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. महानंदा मान खाली घालून बसली होती. महिनाभर ती हेच ऐकत आली असणार.

या वेळी मी बोललो. म्हणालो, "बालाजी, हिनं सगळं ऐकलं. मी सांगितलं तेच चूक होतं. हिचे शिपाई जोरात नाहीत. ताप आला की लगेच या, हे मी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. त्या दिवशी तुम्ही हिला बोललात तेव्हाही मी गप्प बसलो. चूक माझी आहे, हिची नाही."

मला वाटलं, आता बालाजी उठेल, कॉलर धरेल, निदान दोन शब्द सुनावेल. मी त्याची वाट बघत होतो. त्यानं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हात जोडले. "असं म्हणू नका साहेब. तुमी एवढे मोठे. आमालाच लाज वाटायलीय."

सासू म्हणाली, डॉक्टरांच्या मनाला लागलं बघ. आणि महानंदा, जिची दोन बोटं गेली होती ती, माझी समजूत घालायला लागली की राहिलेल्या बोटांवर मशीन चालतं, सराव करतेय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

ते गेल्यावर मी पुढचा पेशंट बराच वेळ आत बोलावला नाही. माफी मागून मोकळं होता येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी ती घेतलीच नाही. माझी लाजही त्यांनीच आपल्या अंगावर घेतली आणि एसटीनं जळकोटला निघून गेले.

आता मी गोष्टी सांगत नाही असं नाही, सवय जात नाही. पण सांगून झालं की पेशंटलाच विचारतो, उद्या ताप आला तर तुम्ही काय करणार? उत्तर ऐकल्याशिवाय त्याला खुर्चीवरून उठू देत नाही.