येडं म्हणायचं कुणी

केजच्या कोर्टात वकिली करताना गरिबांची मोफत कामं सरकारतर्फे माझ्याकडे येत. फुकटच्या औषधावर नसतो तसा फुकटच्या वकिलावरही लोकांचा विश्वास नसतो. असाच एक मेंढपाळ जामिनावर सुटून पहिल्यांदा भेटला तेव्हा त्यानं मला आधी नीट न्याहाळलं आणि मग विचारलं, "वकीलबाई, याच्या आदी कुनाला सोडवलंय का?" मला राग आला. राग मला तसाही लवकर येतो.

गुन्हा असा होता. एके दिवशी सकाळी या गड्यानं गावच्या कोंडवाड्याचं कुलूप दगडानं फोडलं आणि आत धरून ठेवलेली सगळी जनावरं सोडून दिली. ही आपली माणसं आहेत, यांना विनाकारण धरलंय, असं तो ओरडत होता. ग्रामपंचायतीचा शिपाई आडवा आला तर त्याचा हात काठीनं मोडला. जनावरांत एक म्हैस गावातल्या सगळ्यात भांडखोर माणसाची होती. ती सापडली तिसऱ्या दिवशी, त्यामुळे शिपायाच्या हातापेक्षा म्हशीचीच चर्चा जास्त झाली.

गडी खरोखरच आजारी होता. दोन-तीन आठवडे धड झोपला नव्हता, मेंढरं आपल्याशी बोलतात म्हणत होता. नंतर दवाखान्यात औषध सुरू झालं आणि तो बरा झाला. पण आजार होता एवढं कायद्याला पुरत नाही. ते कृत्य करताना आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, असं दाखवावं लागतं. डॉक्टरांनी त्याला पाहिलं ते चार दिवसांनी. त्या सकाळी कुलूप फोडण्याच्या आधी त्याला भेटली होती फक्त त्याची आई.

आणि आई साक्षीला तयार नव्हती.

"पोरीची सोयरीक जमलीय नांदूरघाटला," ती म्हणाली. "भाऊ येडा हाय म्हनलं की मोडली. त्यापरीस जेल परवडली. जेलातून मानूस माघारी येतंय."

मी तिला तासभर समजावलं. कायद्याच्या भाषेत 'मनोविकल' म्हणतात, 'येडा' नव्हे, असंही सांगितलं. "नांदूरघाटला काय म्हनतेत?" तिनं विचारलं. मी फाईल बंद केली.

मग मी दुसरी वाट धरली. शेजारीपाजारी साक्षीला आणायचे आणि गडी वेडा आहे हे गावाच्या तोंडून सिद्ध करायचं. शेजारी आनंदानं आले. पहिलाच, एक म्हातारा, छातीठोकपणे म्हणाला, "येडा हाय, साहेब. येडा म्हंजे येडाच." मी खूश होऊन खाली बसले. सरकारी वकील सावकाश उठले.

"गावात आणखी कोण येडं आहे?"

म्हाताऱ्यानं बोटं मोजायला घेतली. "सरपंच येडा हाय. माझा जावई तर लईच येडा. पोस्टमन येडा. घरात मंडळी म्हनती की मीच येडा हाय."

"आणि मी?" सरकारी वकिलांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं न्यायाधीशांकडे पाहिलं. "खरं सांगायची शपत घेतलीय न्हवं, साहेब?"

न्यायाधीशांनी कागद चेहऱ्यासमोर धरला. कागद हलत होता. माझी केस मात्र आडवी झाली होती. आमच्या भागात येडं कोण नाही? लाडानं येडं, रागानं येडं, उसात कोयता विसरून आला तर येडं. हे मला साक्षीदार बोलावण्याआधी कळायला हवं होतं, कारण माझी स्वतःची आई मला दिवसातून चारदा येडी म्हणते.

त्यात आरोपीनं कहर केला. न्यायाधीशांनी साधे प्रश्न विचारले, तर त्यानं वय सांगितलं, पत्ता सांगितला आणि कुणी न विचारता आपल्या साठ मेंढरांपैकी कुठलं कुणाच्या पोटचं हेही सांगायला घेतलं. वेड्यासारखं वागा असं मी त्याला सांगू शकत नव्हते. पण इतकं शहाण्यासारखं वागू नका, असं ओरडावंसं वाटत होतं.

पुढच्या तारखेला दारात आई उभी. "नाव पुकारा माजं," एवढंच म्हणाली.

पिंजऱ्यात ती पदर खोचून उभी राहिली. मी विचारलं, त्या दिवशी मुलगा वेडा झाला होता का. "न्हाई," ती म्हणाली. "येडा म्या म्हननार न्हाई. पन म्या सकाळी भाकर घेऊन गेलते. त्यो मला म्हनला, तुमी कोन? कुन्या गावच्या तुमी?"

सरकारी वकील म्हणाले, "मग काय बिघडलं, बाई? आदरानंच बोलला की."

"साहेब," आई म्हणाली, "तुमाला तुमच्या आईला आवो-जावो करता येतंय का? म्या तीनदा हाक मारली. म्हनला, बाई, तुमी रडू नका, तुमचं मानूस कोंडवाड्यात हाय का? सोडवून आनतो. आन् गेला."

सरकारी वकील उभे होते ते बसले. टंकलेखकाला काय लिहायचं कळेना. त्यानं हळूच विचारलं, "मुलाने आईस आदरार्थी संबोधले, असं घेऊ?" न्यायाधीश म्हणाले, "नाही. ती बोलली तसंच घ्या." मला डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून मी पर्समध्ये उगाच शोधत राहिले.

महिन्याभरानं निकाल लागला. त्या वेळी त्याला काही कळत नव्हतं, म्हणून निर्दोष. औषधं चालू ठेवायच्या हमीवर आईच्या ताब्यात. बाहेर व्हरांड्यात गड्यानं मला गाठलं.

"वकीलबाई, मी सुटलो का येडा ठरलो?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"मग नांदूरघाटला पयलं सांगा. दुसरं सांगू नका." मी खुळ्यासारखी मान हलवली. खोटं बोलायला मी तेव्हा एका पायावर तयार होते.

हमीच्या कागदावर अंगठा उठवून आई तेवढ्यात बाहेर आली होती. बोटाची शाई ती लुगड्याला पुसत होती.

"म्या साक्षीच्या आदल्या दिशीच जाऊन समदं सांगून आले," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडून कावून कळावं?"

"मग? काय म्हणाले ते?"

"काय म्हनत्याल. म्या गेले तवा चहा ठेवला व्हता. बोलनं झालं, आन् त्यो चुलीवर उकळून उकळून आटला. कुनी गाळला न्हाई."