सरांच्या वहीतला दोनशे अकरावा कण

चाळणीवाले सर कुठल्याही दारातून सरळ आत जात नसत. उंबऱ्याशी क्षणभर थांबायचे, डावी चौकट बघायचे, उजवी बघायचे आणि मग पाऊल टाकायचे. उंची सहा फूट, पण मुरुम गावातल्या आमच्या पत्र्याच्या कॉलेजात त्यांचा खांदा कधी दाराला लागलेला मी पाहिला नाही. मुलं मागून नक्कल करायची. "करू द्या, अंतर तरी मोजायला शिकतील," असं म्हणून ते वर्गात शिरायचे.

ते मूळचे तेरचे. धम्म घेतलेल्या शेतमजुराच्या घरातला हा मुलगा शिष्यवृत्त्यांवर शिकत परदेशातल्या एका प्रयोगशाळेपर्यंत पोचला, चार वर्षं राहिला आणि वडिलांनी अंथरूण धरल्याची तार आल्यावर परतला. वडील गेले, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, आणि सर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत आमच्यात अडकले. गावातून सुटणाऱ्या प्रत्येक एसटीची वेळ त्यांना पाठ होती. मी तिथंच गणित शिकवायचो, म्हणून मला ते 'गणितवाले' म्हणत.

वर्गात त्यांची भाषा पुस्तकी, आमच्यात तेरची. परदेशात काय करत होता, असं एकदा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, "कणांचे दोन झोत मैलभर सरळ नळीतनं समोरासमोर आणून आदळायचे. झोताच्या कडंनं काही कण भरकटत चालत्यात. ते टकरीच्या जागी पोचलं की सगळं बघणं नासतं. मग वाटंत धातूचे ठोकळे समोरासमोर बसवायचे आन् मधल्या फटीतनं नीट चालणारे तेवढे जाऊ द्यायचे. ती फट केवढी, हे माझं काम." कोपऱ्यात चहा गाळणारा शिपाई रंगाप्पा म्हणाला, "म्हंजी चाळणीच की." नाव तिथंच पडलं.

गोल यंत्राचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. "गोलात कण फिरून येतोय, चुकला तरी दुसरी खेप हाय. सरळ यंत्रात एकदाच." हे ते इतक्यांदा म्हणायचे, की पोरं परीक्षेच्या पेपरातही लिहायची.

त्या वर्षांत पाऊस ओळीनं रुसला होता. सोसायटीच्या मैदानात टँकर यायचा आणि घागरींची लढाई व्हायची. आमच्या संस्थेचे सचिव तेच सोसायटीचे चेअरमन. त्यांनी सरांना रांगेचं बघायला सांगितलं. सरांनी दोन बैलगाड्या आडव्या लावून मधे एका माणसापुरती फट ठेवली. पहिल्याच दिवशी मुसंडी मारणाऱ्यांनी एक गाडी उलटवली आणि रांगेत गुमान उभ्या असलेल्या बायकाही पडल्या. सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फट दुप्पट केली आणि वीस पावलं आधी नुसती सुतळी बांधली. घुसणारे सुतळीला अडखळून पांगले, आणि पांगलेल्यांना गाड्यांनी आरामात थोपवलं. मला म्हणाले, "फट लई अरुंद केली की सरळ चालणाऱ्यालाबी धक्का बसतोय. आन् नुसता जाड ठोकळा ठेवला तर झोत त्यालाच भोक पाडतोय. आधी पातळ पत्रा, मग जाड ठोकळा. यंत्रातबी असंच."

कॉलेज सुटल्यावर आम्ही त्याच सरळ यंत्राच्या फटींचा हिशेब मांडत कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसायचो. गणकयंत्र नव्हतं, लॉगची कोष्टकं आणि जाड वही. एक कण, एक पान. कण नळीत शिरला, पहिल्या चुंबकापाशी किती वळला, पहिल्या फटीत कडेपासून किती लांब राहिला, असं करत सात फटी. एका कणाला तीन-चार दिवस लागायचे. सर मांडायचे, मी ताळा करायचो. चार वर्षांत दोनशे कण झाले. ताळा करता करता मीही भौतिकशास्त्र शिकलो, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यातल्या त्या सगळ्यांत चांगल्या संध्याकाळी होत्या.

त्या दोनशे पानांचं सार सरांनी टपालानं परदेशातल्या त्या प्रयोगशाळेला धाडलं होतं. उत्तरात बोलावणंच आलं: दोन वर्षांसाठी या, फटींचा आराखडा तुम्हीच करा. धाकट्या बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं. आता लागत होतं ते फक्त संस्थेचं ना हरकत पत्र.

सचिवांनी आधी मला बोलावलं. "सर गेले तर सायन्स बंद पडंल. दोन वर्सं तुमी फिजिक्स घेताव का? घेत असाल तर सोडतो त्यांना."

मी म्हणालो, "मला न्हाय जमायचं."

जमलं असतं. पण सर गेल्यावर संध्याकाळी मी कुणाशी बोलणार होतो? भीती वाटली, थोडा हेवाही वाटला, आणि तोंडातून नकार गेला. पत्र मिळालं नाही.

सर त्या दिवशी प्रयोगशाळेत आले, दोनशे अकराव्या कणाचं पान उघडं होतं, वही मिटून कपाटात ठेवली. "सचिवांचा दोष न्हाय," म्हणाले. "जाड ठोकळ्याचं कामच थांबवायचं असतंय." त्याच्या आधीचा पातळ पत्रा कोण होता, हे त्यांनी विचारलं नाही. वही पुन्हा बाहेर निघाली नाही. मी रोज प्रयोगशाळेत जाऊन बसायचो, ते स्टँडावर जाऊन गाड्या बघायचे.

दोन वर्षांनी संस्थेनं सरांची बदली आपल्या परंड्याच्या शाखेत केली आणि भौतिकशास्त्र माझ्या गळ्यात घातलं. या वेळी मला कुणी विचारलंही नाही. मी मुकाट्यानं शिकवायला लागलो.

स्टँडावर पोचवायला मी एकटाच होतो. सोलापूरवरून परंड्याला जाणारी गाडी लागली तेव्हा सरांनी पिशवीतून ती वही काढून माझ्या हातात दिली.

"शेवटचं पान अर्धं ऱ्हायलंय, गणितवाले. पुरं करा."

"मला कुठलं जमतंय, सर?" मी सवयीनं बोलून गेलो.

सरांनी पिशवी खांद्याला लावली. आवाज नेहमीचाच होता. "जमतंय की. तवाबी जमत हुतं."

आणि दाराची चौकट न बघता ते गाडीत चढले.

ते पान मी पुढच्या रविवारी पुरं केलं. कण सातही फटींतून कुठंही न घासता पार गेला. आपलंच काही चुकलं असेल म्हणून मी तीनदा ताळा केला. तिन्ही वेळा तो सुटला.