अकरा वेळा एक

परतूरच्या हायस्कुलात धर्मराज गणित शिकवायचा, मी इतिहास. माणूस सरळ, म्हणजे इतका सरळ की वळणावरसुद्धा वळायचा नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याची सोयरीक तीर्थपुरीच्या कौसल्याशी जमली. सुपारी फुटली, वैशाखातलं लग्न ठरलं. पोरगी त्याला मनापासून आवडली होती. आठवडाभर तो नापास पोरांकडे बघूनही हसत होता.

तेवढ्यात आमच्या चित्रकलेच्या साहेबराव सरांनी स्टाफरूमच्या फळ्यावर अकरा वेळा एक लिहिला. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

"ह्याला एक अन् हा स्वतः सोडून कशानंच भाग जात न्हाई," सर म्हणाले. सरांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण धर्मराजच्या ते जिव्हारी लागलं.

"बिलकुल जातो! भाजक सापडल्याशिवाय बोहल्यावर चढणार न्हाई."

झालं. कॅल्क्युलेटर आठ आकड्यांवर दम टाकायचा, म्हणून सगळं हातानं. एक मूळ संख्या घ्यायची, भागायचं, बाकी उरली की शिवी हासडायची, पुढची घ्यायची. वैशाख असाच गेला. पावसाळ्याच्या तोंडावर नऊ हजार एक्याण्णवनं भागलं, तर बाकी फक्त एक. धर्मराज दोन दिवस जेवला नाही.

त्याची आई तुळजाबाई कपाळ बडवून म्हणाली, "एकच उरला न्हवं? मंग सोड की बाबा! मूठभर ज्वारीसाठी कोणी बाजारातून पोतं माघारी नेतं का?"

भाद्रपदात भाग गेला. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं, निःशेष. धर्मराजनं साहेबराव सरांना भर रस्त्यात मिठी मारली आणि तो कागद खिशात घालून थेट तीर्थपुरीची एसटी धरली.

कौसल्यानं तो कागद शांतपणे वाचला. वैशाखातला तिचा शालू अजून ट्रंकेत घडीचाच होता, आणि गावातल्या बायका तिला रोज काहीबाही विचारत होत्या.

"अन् भाग गेलाच नसता तर?" तिनं विचारलं.

इथं कोणीही शहाण्या माणसानं काय बोलायचं ते ठरलेलं आहे. पण धर्मराज म्हणाला, "मंग पुढं भागत बसलो असतो."

"किती दिवस?"

त्यानं मनातल्या मनात हिशोब केला, आणि गाढवानं तो सांगितलासुद्धा. "तीन वर्षं तरी."

तिनं कागद घडी करून त्याच्या हातात दिला. "या तुम्ही," म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानंच आम्हाला हे सगळं सांगितलं. मग विचारलं, "मी खोटं बोलायला पाहिजे होतं का?"

स्टाफरूममधले आम्ही सगळे लग्न झालेले. एका सुरात म्हणालो, "हो!"

आम्ही हसलो. धर्मराज टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला, तेव्हा घंटा झाली तरी कोणी तासाला गेलं नाही.