चाच्यांच्या नाचात एक जण जास्त

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. या ग्रुपवरचे किस्से मी जेवताना करमणूक म्हणून वाचते, आणि निम्म्या किश्श्यांना "काहीही हं!" म्हणून पुढे सरकते. आज स्वतःच लिहायला बसलेय, कारण आता डोकं खरंच फिरलंय.

मी अ‍ॅनिमेशन करते. पुण्यातली नोकरी सोडून धुळ्याला, देवपुरात, आईजवळ राहते आणि वरच्या खोलीतून काम करते. या पावसाळ्यात लहान मुलांसाठीची एक छोटी फिल्म मिळाली होती. समुद्री चाचे खजिन्यासाठी भांडतात, पेटी फोडतात, तर आत सोनं नाही, नुसती एक पिपाणी! मग तलवारी टाकून सगळे जहाजावर नाचत सुटतात. पाच चाचे. पाचही मी स्वतः काढलेले — जाड्या, लाकडी पायवाला, एकडोळ्या… सगळे पाठ आहेत मला.

नाचाचा सीन रेंडर केला, म्हणजे चित्रांचा व्हिडिओ बनवला, तर त्यात सहा जण. मागच्या रांगेत शिडाच्या दोरापाशी एक उंच, किडकिडीत चाचा नाचतोय. मी काढलेलाच नाही हो! फाईल उघडली, एकेका चाच्याचा लेयर, म्हणजे चित्राचा थर, तपासला. पाच. परत रेंडर केला. सहा. सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. सहा! पुण्याहून क्लायंटचा फोन, "मॅडम, हा मागचा कोण? स्टोरीत नाहीये. काढून टाका." काय काढू, कपाळ? लाईट जा-ये करते म्हणून माझं मशीन बिघडलं असेल, असं समजून पेन ड्राइव्ह घेतला, एसटी पकडली आणि जळगावला मैत्रिणीच्या स्टुडिओत गेले. तिच्या नव्याकोऱ्या मशीनवरही तोच प्रकार. ती म्हणाली, "अगं, पण हा बाकीच्यांपेक्षा भारी नाचतोय." मी तिच्यावरच उखडले.

आता घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. माझा मोठा भाऊ, बापू, सुरतेला कामाला गेला. काही महिने फोन येत होते, मग बंदच झाले. आबांनी, म्हणजे काकांनी, सुरत पालथी घातली, पोलिसांत तक्रार दिली. ना माणूस सापडला, ना काही खबर. या गोष्टीला वर्षं उलटली.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई, म्हणजे आमची देवी, बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू दळायच्या आधी भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. (बायकांची मूठ नसते, तो वेगळाच विषय.) जितकी माणसं हयात, तितक्या मुठी. आई दरवर्षी बापूची मूठ घ्यायची आणि कुणी काही बोलायचं नाही. यंदा मात्र आबा बोलले. "वहिनी, आते पुरे. जो मानूस शेच नई, त्यानी मूठ कसाले?"

आई गहू पाखडत राहिली. मीही तिची बाजू घेतली नाही. खरं सांगायचं तर जो माणूसच नाही त्याची मूठ नको, हे आबांचं म्हणणं मला पटलं होतं. किती वर्षं तिने दाराकडे बघत बसायचं?

जळगावहून परतल्यावर दुपारी मी वैतागून तोच सीन परत परत बघत होते. आई चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली आणि तशीच राहिली.

"माय व! हाऊ ते आपला बापू शे!"

"आई, कार्टून आहे ते."

"दख ना, कशी पँट धरी राह्यना!"

मी बघितलं. तो चाचा एका हाताने पँट गुडघ्यापाशी चिमटीत वर धरून, दुसरा हात डोक्यावर गरगर फिरवत नाचत होता. चिखलातून चालल्यासारखा. वरातीत बँडपुढे बापू असाच नाचायचा, त्यावरून आम्ही त्याला चिडवून बेजार करायचो. आणि इतके दिवस मी दोर, सावल्या, लेयर तपासत बसले होते… त्याचा नाच बघितलाच नव्हता!

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आई मात्र हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होती. मला इतका राग आला की मी ओरडलेच, "हसतेस काय? असं कोण दिसतं माहितीये का तुला? असे दिसणारे लोक…"

तिला कळलं. पदराने डोळे पुसत म्हणाली, "मरेल मानूस असा नाचस का व? जित्ता शे तो."

मुठी घ्यायच्या दिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर तिने सुपात हात घातला आणि बापूचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू दळणात टाकला. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि पुढचं नाव घेतलं.

कानबाई उठल्यावर, म्हणजे विसर्जन झाल्यावर, मी सीन पुन्हा रेंडर केला. पाच चाचे. जुने व्हिडिओ उघडले, त्यातही पाचच! क्लायंट म्हणाला, "बरं झालं, काढलात एकदाचा." जळगावची मैत्रीण म्हणते, तिने स्वतःच्या डोळ्यांनी सहा बघितले होते. मी मागच्या रांगेत तसाच नाचणारा एक चाचा मुद्दाम चितारून बघितला, चार वेळा. नाही जमत तो नाच, मेला!

आई निवांत आहे. "मूठ भेटनी, गया आपला कामवर," म्हणते आणि भाजी निवडायला बसते.

मला नाही बसवत तसं. काय होतं ते, आजही सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी इथले किस्से पहिल्यापासून वाचून काढतेय, आता हसण्यावारी न नेता. आणि वैताग असा की तुमच्या प्रत्येक किश्श्यात जो दिसतो, तो शेवटी मेलेलाच निघतो. तेव्हा कृपा करून मला शांती, उतारा, पत्रिका काही सुचवू नका. कुणाला कधी जिवंत माणूस असा दिसला असेल, तर तेवढंच लिहा.