सुनेसाठी आलेली वायर

लग्नाची बोलणी मानपानावरून फिसकटतात, सोन्यावरून फिसकटतात. सगुणाबाईंच्या इंद्रजितची बोलणी अडली ती इंटरनेटवर. कापूरहोळजवळच्या गावात, मुलीच्या घरी पोहे खाऊन झाले, चहा झाला, मुलाचा टेम्पो स्वतःचा आहे आणि मुलगा सुपारीसुद्धा खात नाही हेही सांगून झालं. तेवढ्यात मुलीनंच मान वर करून विचारलं, "तुमच्याकडे नेट आहे का?"

बैठकीतली वडीलधारी मंडळी एकमेकांची तोंडं बघायला लागली. मुलगी, म्हणजे माधुरी, पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून कॉम्प्युटरवर करायची. कुठल्या कुठल्या इस्पितळांचे कागद तपासून पुढं पाठवायचे, असं ते काम. "लग्नानंतर काम सोडणार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे," ती म्हणाली. बोलण्यात उर्मटपणा नव्हता. बाजारात भाजीचा भाव विचारावा तितक्या सरळपणे ती विचारत होती.

सगुणाबाईंचं गाव वेल्ह्याच्याही पुढं, तोरण्याच्या मागच्या डोंगरात. तिथं साधा फोन लावायचा तर खिंडीपर्यंत चढून जावं लागे. इंद्रजित खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तोच आई बोलून गेली.

"येतंय की! खांब आल्यात गावात. पावसाळ्याच्या आत वायर घरात आसंल. म्या शब्द देते."

खांब आले होते हे खरं होतं. ते ग्रामपंचायतीपुढं आडवे पडून होते आणि संध्याकाळी त्यांच्यावर बसून लोक तंबाखू मळत, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. बाई खोटारडी मुळीच नव्हती. पण गावात पस्तिशी ओलांडलेली बिनलग्नाची पोरं पारावर बसलेली त्या रोज बघत होत्या. कामाची, कष्टाळू पोरं. डोंगरातलं गाव म्हटलं की मुलीकडचे पत्रिकासुद्धा मागत नव्हते. अशा वेळी आई थोडं पुढचं बोलून ठेवते, आणि मग ते खरं व्हावं म्हणून देव पाण्यात घालून बसते.

सगुणाबाईंनी तेच केलं. फक्त देवाऐवजी त्यांनी सरपंचाला धरलं. येता-जाता विचारायच्या, "खांब कवा हुभं ऱ्हात्याल?" सरपंच त्यांना बघून रस्ता बदलायला लागला. आणि काय नवल, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्याच्या तोंडावर खरंच ठेकेदाराची माणसं आली, खांब उभे राहिले, जिथं कमी पडले तिथं झाडांना वायर बांधली गेली, आणि सगुणाबाईंच्या ओटीवर भिंतीला एक पांढरा डबा लागला. त्यात हिरवा दिवा लुकलुकला, तेव्हा बाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं. डबा बसवणारा हसला. त्याला काय माहीत, तिथं कुणाचा शब्द राहिला होता ते.

त्यापुढचे महिने हे सगुणाबाईंच्या आयुष्यातले सुखाचे महिने. नवरा लवकर गेला होता, इंद्रजित शाळेत होता तेव्हाच. तेव्हापासून त्यांनी भाताची खाचरं एकटीनं ओढली आणि दिवसभर म्हशीशी आणि कोंबड्यांशी बोलत राहिल्या. पोरगा टेम्पो घेऊन सकाळी जायचा तो दिवस मावळताना यायचा. आता घरात भरदिवसा माणूस होतं. माधुरी आतल्या खोलीत कानाला ते यंत्र लावून बसली की बाई कोंबड्यांनासुद्धा दटावायच्या, "गप बसा गं, मिटिंग चालू हाय." मीटिंग म्हणजे काय हे त्यांना नीट कळलेलं नव्हतं, पण ती पूजेसारखी मधे मोडायची नसते एवढं कळलं होतं. दुपारी दोघी ताटाला ताट लावून जेवायच्या. माधुरी ऑफिसातल्या मॅडमची नक्कल करून दाखवायची आणि सगुणाबाई ठसका लागेपर्यंत हसायच्या. शेजारणींना हे पाहून पोटात दुखायला लागलं, यातच सगळं आलं.

घोटाळा झाला तो एका वेटोळ्यापायी.

पुढच्या वाडीला वायर न्यायची म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी मधेच बरीचशी वायर न कापता वेटोळं करून ठेवली होती. ती खांबावर उंच बांधायची सोडून त्यांनी खांबाच्या बुडाशी टाकली, आणि तो खांब नेमका सगुणाबाईंच्या बांधाच्या कोपऱ्यावर. "चार दिवसांत येतो, मावशी," म्हणून गेले ते गेले. पावसाळा सरला, भात झोडून झालं, होळी आली, तरी त्यांचा पत्ता नव्हता. याच वेटोळ्यातून निघालेली वायर पुढं गावात आणि बाईंच्या घरी जात होती. त्याच्यात गुरांची शिंगं अडकायची, वानरं ओढून बघायची. ऊन तापायला लागलं तशी सगुणाबाईंना काळजी पडली. त्यांनी ऐनाच्या फांद्या तोडून आणल्या आणि वेटोळं नीट झाकून ठेवलं, तान्ह्या पोरावर पांघरूण घालावं तसं.

ज्यांना त्या भागातलं भात माहीत आहे त्यांच्या इथंच लक्षात येईल. तिकडं भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात राब रचतात. ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, वर माती, आणि सगळं पेटवून जमीन भाजून काढतात. ऐनाच्या वाळक्या फांद्यांचा ढीग बांधाला दिसला की तो भाजायचाच असतो, हे तिथल्या पोराबाळांनाही सांगावं लागत नाही. सगुणाबाईंनी उभा जन्म हेच केलेलं. आणि तरीही सुनेच्या वायरीवर पांघरूण घालताना त्यांच्या डोक्यात हे आलं नाही.

त्यांचा राब दुसऱ्या दिवशी भाजायचा ठरला होता. राब भाजायला सगळं गाव एकमेकांच्या शेतावर जातं, आज तुझ्यात, उद्या माझ्यात. त्या दिवशी पाळी भाऊबंदांतल्या कुंडलिकची होती. सगुणाबाईही निघाल्या होत्या, पण माधुरीनं त्यांना थांबवलं. "आत्या, आज आमच्या मॅडमना तुम्हाला बघायचंय. मी तुमच्याबद्दल लई सांगितलंय त्यांना." सासरी आल्यापासून तिच्याही तोंडात 'लई' बसलं होतं.

सगुणाबाईंनी धुवट इरकल नेसलं, केस चापूनचोपून बसवले आणि स्टुलावर अंग चोरून बसल्या. समोर मॅडम दिसल्या. गोऱ्या, चष्म्याच्या, पण नकलेतल्यापेक्षा बऱ्याच प्रेमळ. "माधुरीचं काम फार चांगलं आहे. ती तिथूनच काम करू दे, आमची काही हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. सगुणाबाईंचा जीव सुपाएवढा झाला. त्यांनी हात जोडले. "बाई, तुमी एकदा या आमच्याकडं, इंद्रायणीचा भात..."

मॅडम हसल्या आणि तशाच हसत राहिल्या. पापणी लवली नाही. थोड्या वेळानं मॅडमही गेल्या आणि पडद्यावर नुसतं एक चक्र फिरायला लागलं.

"रेंज गेली असेल. येईल," माधुरी म्हणाली. दोघी चक्राकडे बघत बसल्या. मग धुराचा वास आला. त्या दिवसांत धुराचं कुणाला काही वाटत नाही. आणि मग अंगणातून कुंडलिकचा आवाज आला, मोठा, खुशीतला.

"वयनी! च्या टाका! आमचा राब लवकर उरकला, वारं बी पडल्यालं व्हतं, म्हनलं तुमचा बी भाजून टाकू. उद्याचं काम आजच झालं बघा. कोपऱ्यातला ढीग तर आसा पेटला म्हनता!"

सगुणाबाई उठल्या. "कोपऱ्यातला?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. कुंडलिकच्या मागं सगळी माणसं उभी होती, काजळलेल्या तोंडांची, घामानं निथळणारी, मदत केल्याच्या आनंदात. त्यांना काय म्हणायचं? मेल्यांनो, हे काय केलंत, असं म्हणायचं? उन्हातान्हात त्यांनी न सांगता बाईचं काम केलं होतं. सगुणाबाईंनी चुलीवर आधण ठेवलं. चहा ओतताना डोळ्यांतलं पाणी धुरावर खपून गेलं.

मग तक्रारी सुरू झाल्या. खिंडीत जाऊन फोन लावला की एक यांत्रिक बाई गोड आवाजात सांगायची, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. काही दिवसांनी इंद्रजितच्या मोबाईलवर निरोप आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, धन्यवाद. ओटीवरच्या डब्यातला दिवा लालच होता. वेल्ह्याच्या ऑफिसात विचारलं तर भोरला जा म्हणाले. सगुणाबाई मुलाच्या टेम्पोतून कापूरहोळवरून भोरला गेल्या. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पाणीसुद्धा दिलं, आणि म्हणाले, "आजी, वायर तुटली असती तर आम्ही जोडली असती. पण ही जाळली आहे. जाळली कुणी?"

सगुणाबाईंनी कुंडलिकचं नाव घेतलं नाही. "म्याच," त्या म्हणाल्या. "म्याच झाकली व्हती."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. वेटोळं खाली टाकून जाणाऱ्या ठेकेदाराचं नाव कुणी काढलं नाही. नवीन वायर वरून मंजूर व्हावी लागेल, असं सांगून त्यांनी हात जोडले. हात जोडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, ही एक मोठीच अडचण आहे.

माधुरीनं हट्ट सोडला नाही. ती रोज लॅपटॉप पाठीवर टाकून खिंडीत जाऊन बसायची, आंब्याखाली, आणि सगुणाबाई छत्री धरून बाजूला. कधी रेंज असायची, कधी ढगाबरोबर जायची. पावसाळा लागला आणि खिंड धुक्यात बुडाली, तेव्हा मॅडमचा निरोप आला. त्यांचाही नाइलाज होता. काम ठेवायचं तर पुण्याला ऑफिसात यावं लागेल.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. सूनच उलटी समजूत काढत होती. "आत्या, तुम्ही शब्द पाळलात. वायर आणलीत. आता जळली त्याला कोण काय करणार? मी दर शनिवारी येईन." आणि ती आलीही, काही शनिवार. मग पंधरा दिवसांनी. मग इंद्रजितला पुण्यातच टेम्पोचं काम मिळालं, आणि ते बरोबरच होतं. नवरा इकडं आणि बायको तिकडं, असा संसार कोण करतं? सगुणाबाईंनीच त्याची पिशवी भरून दिली. "तुमी बी चला," दोघं म्हणाली. पण म्हैस होती, खाचरं होती, आणि पुण्यातल्या एका खोलीत तिघांनी कुठं पाय पसरायचे?

कुंडलिकला सगळं कळलं होतं. तो पुन्हा पुन्हा येऊन ओट्यावर बसायचा आणि चहा न घेताच उठून जायचा. एकदा म्हणाला, "वयनी, मला चार शिव्या तरी द्या."

"कशापायी, भावजी? तुमी चांगलंच केलं व्हतं."

तो मान खाली घालून निघून गेला. माफ केलेलं त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं.

नवी वायर आली ती दिवाळी उलटल्यावर. दोन माणसं आली, त्यांनी खांबाखांबावर ती ताणून बांधली. या वेळी वेटोळं उंच होतं. ओटीवरच्या डब्यातला दिवा पुन्हा हिरवा झाला. "आजी, झालं चालू. कुणाला लावून देऊ?" एकानं विचारलं. सगुणाबाईंनी सुनेचं नाव सांगितलं. त्याच्या मोबाईलवर माधुरीचा चेहरा आला, इतका स्वच्छ, की तिच्या डोळ्यांखालचं काळं सगुणाबाईंना दिसलं.

"आली गं वायर!" त्या ओरडल्याच. "ये आता. आजच निघ."

माधुरी जरा वेळ गप्प राहिली. सगुणाबाईंना वाटलं, पुन्हा अडकलं. पण अडकलं नव्हतं. तिची पापणी लवत होती.

"आत्या, कंपनीनं घरून काम बंदच केलंय. सगळ्यांचं. आता रोज ऑफिसात जावं लागतं." मागून कुणीतरी तिला हाक मारली. "मी नंतर बोलू का? मीटिंग आहे."

"बोल, बोल. मिटिंग मोडू नको," सगुणाबाई म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात राब भाजायचे दिवस आले. सगुणाबाईंच्या शेतावर माणसं जमली तेव्हा त्या त्यांच्या आधीच तिथं पोचल्या होत्या. खांबाभोवतालचं वाळकं गवत त्यांनी विळ्यानं साफ केलं होतं आणि पाण्याचा हंडा भरून बुडाशी ठेवला होता. राब पेटला, धग आली, तरी त्या वायरीखालून हलल्या नाहीत. एका हातात ओलं पोतं, डोळे वर.

कुंडलिकला राहवलं नाही. "वयनी, सावलीला बसा. ती वायर आता कुनाच्या कामाची? कुनासाठी राखताय?"

सगुणाबाईंनी पोतं पुन्हा हंड्यात बुडवून काढलं.

"कुनासाठी न्हाई," त्या म्हणाल्या. "पन एकदा पोरीला शब्द दिला व्हता, आमच्यात नेट आसंल म्हनून."